आर्गोसचं नाणं

आमचं घर हुपरीचं, पैंजणांच्या धंद्यातलं. चांदी हातात आली की आधी अंगठ्याने कड चाचपायची, ही लहानपणापासूनची सवय. गेल्या दिवाळीत भाचा लंडनहून आला आणि जपून ठेवलेलं एक रोमन नाणं त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. कडेला सगळीकडून खाचा होत्या, छिन्नीने एकेक करून पाडलेल्या. काट्यावर 3.8 ग्रॅम भरलं, आपल्या आजच्या रुपयाएवढंच. नाव डिनेरियस. जुन्या संस्कृत ग्रंथांतला 'दीनार' शब्द यावरूनच आला.

आत तांबं नाही हे लोकांना दिसावं म्हणून खाचा पाडत, असं म्हणतात. मला काही ते पटत नाही. तांब्यावर चांदी चढवलेली खाचांची खोटी नाणीही सापडली आहेतच की.

पण जीव अडकला तो मागच्या बाजूवर. हे नाणं इ.स.पू. 82 चं. पाडणारा टांकसाळीचा अधिकारी गायस मामिलियस लिमेटानस. त्याचं घराणं आपलं मूळ थेट ग्रीक पुराणकथांतला वीर युलिसिस याच्या मुलापर्यंत, टस्क्युलम गाव वसवणाऱ्या टेलिगोनसपर्यंत नेई. म्हणून पुढे पंखांच्या टोपीतला मर्क्युरी देव, म्हणजे युलिसिसच्या आईचा आजोबा. मागे काठी घेऊन घरी आलेला खुद्द युलिसिस, आणि समोर त्याचा कुत्रा आर्गोस.

ग्रीक महाकवी होमर सांगतो, युद्धावर गेलेला युलिसिस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात परततो. दाराशी उकिरड्यावर गोचिडांनी भरलेला म्हातारा आर्गोस पडलेला असतो. धनी दिसताच तो शेपटी हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ जायचं त्राण नसतं. युलिसिस तोंड फिरवून गुपचूप डोळे पुसतो. वीस वर्षांनी धनी दिसला, आणि तिथेच आर्गोसचा प्राण जातो.

ठसा कोरणाऱ्याला हे बघवलं नसावं. त्याने आर्गोसला चार पायांवर उभं केलं आणि युलिसिसचा हात त्याच्याकडे पुढे केला. सगळं अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या जागेत! आम्ही ठशावर साधी वेलबुट्टी कोरायला बसलो तरी श्वास धरावा लागतो.

भाच्याचं नाणं खूप हातांतून फिरलेलं आहे. भिंगातून पाहिलं, तर हात आणि कुत्र्याचं तोंड यांच्यामधली फट झिजून पार बुजली आहे. दोघं एकमेकांना टेकलेत.