करंट कमी केला तेव्हा स्फटिक जुळला

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सत्रात मला मिळालेला प्रोजेक्ट एका ओळीचा होता. पाण्यातल्या बारीक चुंबकी मण्यांचा एकथरी कलिल-स्फटिक (म्हणजे अणूंऐवजी बारीक कणांनी रांगांत बसून झालेला स्फटिक) बनवायचा आणि त्यातले दोष चुंबकीय क्षेत्र वापरून कमी करायचे. सुरुवात जानेवारीत केली. मनासारखा पहिला फोटो मिळाला तेव्हा नागपुरात घरोघरी कूलर लागलेले होते.

आमचे मणी ४.५ मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंधरावा हिस्सा. पॉलिस्टायरीनचे, आत लोहऑक्साइडचे नॅनोकण. क्षेत्र असेल तोवर प्रत्येक मणी छोटा चुंबक असतो, क्षेत्र बंद केलं की चुंबकत्व जातं. काचेच्या तळाशी बसलेल्या थराला लंब दिशेनं क्षेत्र दिलं की सगळे चुंबक एकाच बाजूला तोंड करून उभे राहतात आणि शेजाऱ्याला दूर ढकलतात. सगळेच ढकलतात, त्यामुळे प्रत्येकाभोवती सारख्या अंतरावर सहा शेजारी अशी मांडणी ठरते. धातूत अणूही असेच रांगांत बसतात, पण ते दिसत नाहीत. आमचे मणी अणूपेक्षा सुमारे १८ हजार पट मोठे आणि इतके संथ, की साध्या मायक्रोस्कोपखाली एकेका मण्यावर नजर ठेवता येते. मला हा प्रोजेक्ट आवडला तो यासाठीच.

दोष म्हणजे काय हे माझ्या गाइड मॅडमनी आधी साबणाच्या फेसातून दाखवलं. लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये सारख्या आकाराच्या बुडबुड्यांचा थर करून धातूतले दोष डोळ्यांना दिसतील असे केले होते. आम्ही परातीत साबणाचं पाणी घेऊन, बारीक सुई आणि मासळीच्या टाकीचा पंप लावून तसेच बुडबुडे काढले. रांगा सरळ चाललेल्या असतात आणि एक रांग मधेच संपते. ती जिथे संपते तिथे एका बुडबुड्याला पाच शेजारी असतात, त्याला चिकटूनच एकाला सात. ही पाच-सातची जोडी म्हणजे डिसलोकेशन. पुढचे चार महिने मी ती जोडी शोधत होते.

क्षेत्र देणारी कॉइल मात्र आम्हाला स्वतःच करायची होती. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या दोन कॉइल, प्रत्येकी २०० वेढे, मधलं अंतर त्रिज्येएवढं. म्हणजे मध्यभागी क्षेत्र एकसारखं राहतं आणि १ अँपिअरला साडेतीन मिलिटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं एकक) आसपास मिळतं. माझ्या हातानं वेढे एकमेकांवर चढायचे. शेवटी नागपूरच्या महाल भागात कूलरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी बावीस गेजची तार, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि हाताचं वाइंडिंग मशीन घेऊन दोन्ही कॉइल दुपारभरात करून दिल्या. एक वेढा मोजून दुसऱ्यावर बोट ठेवायची त्यांची पद्धत मी बघतच राहिले. निघताना म्हणाले, "ताई, करंट जास्त नका देऊ. गरम होऊन राहिली का लगेच बंद करा."

मी ऐकलं नाही. क्षेत्र जितकं जास्त तितका स्फटिक चांगला असा माझा पक्का समज होता, म्हणून सरळ २ अँपिअर दिले. मणी झटक्यात एकमेकांपासून दूर झाले, षटकोन दिसले, मी खूश. मग फोटोची प्रिंट काढून लाल पेन्सिलीनं पाच शेजारीवाले आणि निळीनं सातवाले रंगवले. कागदभर लाल-निळ्या माळा! प्रत्येक माळ म्हणजे दोन तुकड्यांमधली सीमा, अलीकडच्या रांगांची दिशा एक, पलीकडच्यांची दुसरी. हजारेक मण्यांत जवळपास दहावा मणी चुकीच्या शेजारात होता. त्यात कॉइल तापली, पाण्यात प्रवाह सुरू झाले आणि अख्खा थर डावीकडे वाहू लागला.

थर वाहायला आणखीही कारणं निघाली. मायक्रोस्कोपच्या स्टेजचा एक स्क्रू लोखंडी होता आणि त्याच्याजवळचे मणी वेगळे वागायचे. तो काढून पितळी बसवला. टेबल किंचित कललेलं होतं, मणी हळूहळू एका कडेला गोळा व्हायचे. पाणसळ ठेवून पायाखाली पुठ्ठे घातले. एप्रिलमध्ये सेलमधलं, म्हणजे मणी ठेवलेल्या काचेच्या कप्प्यातलं, पाणी उडायला लागलं तेव्हा कडा नेलपॉलिशच्या दोन थरांनी बंद केल्या. कूलर लावला की त्याची थरथर टेबलात यायची, म्हणून मी पहाटे पाचला लॅब उघडून फोटो घ्यायला लागले. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत, पण ती झाल्याशिवाय पुढचं काहीच दिसलं नसतं.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "चुकीच्या जागी बसलेला मणी बाहेर पडणार कसा?" घरी आई तुरीची डाळ डब्यात भरत होती. डबा ओट्यावर तीन-चारदा आपटला आणि डाळ बोटभर खाली गेली. मण्यांना असं हलवायला पाण्याचे रेणू सतत हजर असतातच. मी क्षेत्र इतकं दाबून ठेवलं होतं की त्या धक्क्यांना काही करताच येत नव्हतं.

मग उलट्या बाजूनं गेले. करंट ०.१ अँपिअरच्या आसपास आणला की आमच्या नमुन्यात स्फटिक विरघळायचा, रांगा मोडून मणी भटकायला लागायचे. तिथून थोडं वर, स्फटिक जेमतेम टिकेल अशा करंटवर थांबायचं, पुन्हा किंचित खाली यायचं, पुन्हा वर. शेवटी एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं वाढवायचं. घाई चालत नाही, कारण एका मण्याला स्वतःहून शेजाऱ्याच्या जागेइतकं सरकायला दहा-बारा मिनिटं लागतात. एक फेरी तीन तासांची होऊ लागली.

त्यातली एक सकाळ मला लख्ख आठवते. सीमेवरची पाच-सातची एक जोडी एक घर सरकली, थांबली, परत मागे आली, मग पुढे जात जात समोरून येणाऱ्या दुसऱ्या जोडीला भेटली आणि दोन्ही नाहीशा झाल्या. जिथे रांग तुटली होती तिथे सरळ रांग. मी खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभी राहिले, टेबलाला धक्का लागू नये म्हणून. लहान तुकडे आधी संपले, मोठ्यांनी त्यांचे मणी आपल्या रांगांत ओढून घेतले. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी काढलेल्या शेवटच्या प्रिंटवर लाल-निळे ठिपके बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

त्यातला एक ठिपका मात्र शेवटपर्यंत गेला नाही. तिथला मणी काचेलाच चिकटला होता, आणि क्षेत्र कितीही खाली-वर केलं तरी चिकटलेला मणी सुटत नाही. त्याच्याभोवती रांगा दर वेळी वाकायच्या. आता काच आणखी नीट धुऊन, सर्फॅक्टंटचं (साबणासारख्या द्रव्याचं) प्रमाण थोडं बदलून नवा सेल भरला आहे. तो उद्या पहाटे बघायचा आहे.