ईएसपी प्रकल्प: खोट्या अंडरस्टिअरचा छडा लागला, पण...

चोर सापडला! छोट्या मॉडेल गाडीला ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) बसवतोय. मागच्या अपडेटमधलं दुखणं आठवत असेलच: गाडी तसूभरही घसरत नसताना, स्टिअरिंग फिरवलं रे फिरवलं की कंट्रोलर अंडरस्टिअर (स्टिअरिंगच्या मानानं गाडी कमी वळणं) समजून आतल्या मागच्या चाकाला ब्रेक लावायचा. संशय आधी जायरोवर, म्हणजे गाडी वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या एमपीयू-६०५० चिपचा फिल्टर १० हर्ट्झवरून ४२वर नेला, विलंब १३.४वरून ४.८ मिलिसेकंदांवर आला. ब्रेक तसाच.

मग लॉग ओळीओळीनं वाचला. वेग २ मीटर प्रति सेकंद, व्हीलबेस २६ सेंटिमीटर, चाकांना १० अंशांचा हुकूम. बायसिकल मॉडेल (वेग आणि चाकांच्या कोनावरून गाडी किती वळायला हवी ते सांगणारं गणित) त्याच क्षणी ७८ अंश प्रति सेकंद यॉ-रेट, म्हणजे वळण्याचा वेग, मागतं. जायरो शून्याच्या आसपास, कारण सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) अजून निघालेलाच नसतो. १९९५ साली मर्सिडीजच्या एस ६०० कूपेत बॉशचं ईएसपी आलं, त्यातही स्टिअरिंगचा कोन सेन्सरनं मोजलेला होता. आपल्याकडे मोजमाप नाही, नुसता हुकूम.

म्हणून मॉडेललाच ६० मिलिसेकंदांचा फर्स्ट-ऑर्डर लॅग लावला, म्हणजे हुकूम त्यात हळूहळू मुरतो. खोटे ब्रेक बंद! पार्किंगच्या ओल्या टाइल्सवर गाडी मुद्दाम जोरात वळणात घातली. पुढची चाकं बाहेर सरकू लागली, आतलं मागचं चाक क्षणभर धरलं गेलं आणि नाक अलगद आत आलं. याचसाठी तर एवढा खटाटोप चाललाय.

पण पेव्हर ब्लॉकवर पुन्हा तेच. तिथे पकड जास्त, सर्व्होवर लोड जास्त, चाकं आणखी उशिरा वळतात. जमीन बदलली की आकडा बदला, हे मला पटत नाही. कोन मोजायलाच हवा. सर्व्होच्या आतल्या पॉटची (त्याचा कोन सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरची) वायर बाहेर काढायचं ठरवलं होतं, पण हे लिहिताना लक्षात आलं की मध्ये सर्व्हो-सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा जोड) आहे. लोड आला की त्याची स्प्रिंग दबते. सर्व्हो पोचलेला, चाक मागेच. चाकाच्या स्टिअरिंग नकलवर (चाक ज्यावर वळतं त्या भागावर) मोजावं, तर अ‍ॅकरमनमुळे, म्हणजे वळताना आतलं चाक जास्त वळवणाऱ्या रचनेमुळे, डाव्या-उजव्याचा कोन वेगळा.

तेव्हा आता सेव्हरच्या पलीकडचा बेलक्रँक, म्हणजे दोन्ही चाकांना वळवणारी फिरती तरफ. खणात एएस५६०० (चुंबकावरून कोन मोजणारी चिप) आहे: १२ बिट, आणि आय-टू-सी या सामायिक वायरवर त्याचा पत्ता एमपीयूपेक्षा वेगळा, म्हणजे दोन्ही एकत्र चालतील. फक्त चुंबक डायमेट्रिकच (ध्रुव व्यासाच्या दोन टोकांना) घ्या. ऑनलाइन बोर्डाबरोबर आलेला अ‍ॅक्सियल (ध्रुव वरच्या-खालच्या तोंडांवर) निघाला, कितीही फिरवा, आकडा धड हलत नाही. असल्या वस्तू मी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, हातात घेऊन, तपासूनच घेतो. ब्रॅकेट ॲल्युमिनियमच्या पट्टीचा करतोय. चुंबक आणि चिपमध्ये मिलिमीटरभर फट राहिली पाहिजे. कुणी बेलक्रँकवर असा सेन्सर बसवला असेल तर फोटो टाका.