दुसरी बाई

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा. ओटा आवरून झाला, झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

झालं एवढंच की शाळा सुटताना चिमीची आजी न्यायला आली होती आणि चिमीने माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगितलं, "आज्जी, ही आमची दुसरी बाई." गेटवर चार-पाच आया उभ्या होत्या, त्यातल्या दोघी फिस्सकन हसल्या. आजी म्हणाल्या, "अगं ही काय, ह्या म्हणावं," म्हणजे आजींना खटकलं ते 'ही', 'दुसरी'चं काही नाही. मी पण हसले. हसले म्हणजे दात दाखवले. स्टॉपपर्यंत येईस्तोवर डोक्यात तेच, दुसरी बाई, दुसरी बाई.

आणि बोलायची सोय नाही, कारण शब्द मीच शिकवलाय. आठवडाभर मोठ्या शिशूत पहिला-दुसरा-तिसरा चाललंय. गोष्ट केली, जंगलातलं पाणी आटलं, एकच डबकं उरलंय आणि सगळे रांगेत. हत्ती पहिला, खार दुसरी, कासव तिसरं (तिन्ही मुद्दाम घेतले, पहिला पहिली पहिलं सगळं कानावरून जावं म्हणून), उंदीर चौथा कारण चतुर्थी, आणि नाग पाचवा कारण नागपंचमी. ही हुशारी मी सोडून कोणाच्याही लक्षात आलेली नाही. दहाव्या जागी कावळा ठेवला होता, तहानलेला म्हणून. मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या, "बाई, दहाव्याला कावळा?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चिमणी केली पटकन. खरं तर ह्या वर्षी तरी मला आपणहून कळायला हवं होतं ते. असो.

पाचव्यापासून पुढे पोरं सुसाट जातात, सहावा सातवा आठवा, वा लावला की झालं. घोळ सगळा पहिल्या चारात. "एकवा हत्ती, दोनवी खार." दोनवी! म्हणजे खार आहे म्हणून 'वी' लावायचं हे कळतंय, नियम पण बरोबर लावलाय, भाषाच आपली ऐनवेळी शब्द बदलते त्याला ते तरी काय करणार. २०१९ ला दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं तर केवढा गदारोळ झाला होता, दोनवीची बाजू घ्यायला मात्र कोणी नाही.

तर चिमी. मंगळवारी तिला म्हटलं, "दुसरा प्राणी काढून दे बघू." तिने उंट दिला. उंट गोष्टीतच नाही, जुन्या डब्यात पडलेला होता. म्हटलं, "नाही गं, दुसरा." तिने उंट ठेवला, गाढव काढलं. "अगं दुसरा!" मग तिने अख्खा डबाच पुढे केला आणि ओठ काढला. घरी येऊन भाजी निवडताना लक्षात आलं की ती बरोबरच होती. दुकानात आपण म्हणतोच की, हा नको, दुसरा दाखवा. तिला मी दोनदा चूक म्हटलं ते उगाच.

म्हणजे मग आज ती कुठलं दुसरी म्हणाली? नंबरातली दुसरी, की 'ही नको'वाली दुसरी? हेच मघापासून चाललंय माझं. नंबरातली असेल तर चालेल असं वाटतं आणि लगेच वाटतं का चालेल, जूनपासून पोरांची शेंबडं मी पुसतेय, गॅदरिंगचा नाच मी बसवतेय, आणि अजून रोज ऐकायचं की पहिल्या बाई डब्याच्या आधी वेगळं गाणं म्हणायच्या. मोठ्या बाईपण ओळख करून देताना "ह्या सध्या बघतायत" म्हणतात. सध्या. घरात पण नंबर तोच, ताईचे फ्रॉक, ताईची सायकल, आता इथे जाऊबाईंच्या... जाऊ दे, ते आज नको.

पण एक लिहायचंच राहिलं. सकाळी आमचा बडबड्या मधेच उठून म्हणाला, "बाई, नाग उंदराला खाणार." म्हटलं खाऊ दे, मग? "मग नाग चौथा." आणि गेला तो बोर्डापाशी, उंदीर काढून खिशात टाकला आणि एकेक प्राणी पुढे सरकवत बसला. चित्रांमागे पॉलिश पेपर लावलाय ना, निघताना फ्लॅनेलवर चर्र चर्र आवाज येतो, आख्खा वर्ग गप्प. चिमणी नववी झाली. नंबर जागेचा असतो, प्राण्याचा नाही, हे मला अजून दोन आठवडे शिकवायचं होतं.

मला मोह झाला. इतका बालिश मोह की इथे लिहायलाही लाज वाटतेय. विचारलं, "मग पहिल्या बाई घरी गेल्यात ना बाळासाठी, आता पहिली कोण?" मला वाटलं म्हणेल तुम्ही. तर म्हणतो, "त्याच. त्यांचा कप आहे ना कपाटात."

त्यांच्यात नियमच आहे तो. घसरगुंडीच्या रांगेत बाटली ठेवून सूला गेलं तरी नंबर जात नाही. कप आहेच, निळा, कान तुटलेला, मी त्यात खडू ठेवते.

आत्ता लिहिताना हसू येतंय, मघाशी का येत नव्हतं कोण जाणे. आणि 'आमची' म्हणाली होती की ती, आमची दुसरी बाई. हे पण आत्ताच लक्षात आलं.

उद्या उंदराची जागा बदलायला हवी, नागाच्या तोंडासमोर नको. आधी तो खिशातून परत मिळायला हवा. उंट राहू दे बोर्डावर, आज जाता जाता चिमीने तो खारीच्या शेजारी चिकटवून ठेवलाय.