तुम्ही विचारलंत म्हणून: मी यादी का देत नाही

"मराठीतलं काहीतरी एलजीबीटी सुचवा ना. पुस्तक, सिनेमा, गाणी, काहीही चालेल. सरळ एक यादीच द्या." हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की आता उत्तर पाठ झालंय, आणि ते ऐकून विचारणारा वैतागतो हेही पाठ झालंय. कारण उत्तरात नावं नसतात, उलटे चार प्रश्न असतात. वाचणार कोण? मोबाइल किंवा अकाउंट कुणाचं? घरात कुठली भाषा चालते? शेवट वाईट असला तर सोसेल का? मग पुढचं वाक्य ठरलेलं: "नावं सांगायला एवढं काय लागतं?"

काही लागत नाही. घ्या नावं: कोबाल्ट ब्लू, पार्टनर, मित्राची गोष्ट, मी हिजडा... मी लक्ष्मी!, थांग, साबर बोंडं. झालं समाधान? आता यातलं 'पार्टनर' दुकानात जाऊन मागा. दहापैकी नऊ वेळा हातात व. पु. काळे येतील. त्यातही एक पुरुष दुसऱ्याला 'पार्टनर' म्हणतो, पण ते प्रकरण वेगळं. तुम्हाला हवं होतं ते बिंदुमाधव खिरे यांचं. एका नावाच्या यादीनं काय होतं त्याचा हा सगळ्यात निरुपद्रवी नमुना. म्हणून दुकानात विषय सांगू नका, लेखक आणि प्रकाशक सांगा. "समलैंगिकतेवरचं काही आहे का" असं विचारलं की काउंटरवरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो आणि मग आरोग्य-मानसशास्त्राच्या कपाटाकडे बोट दाखवतो. "सचिन कुंडलकर, कोबाल्ट ब्लू, मौज" म्हटलं की तो मुकाट्यानं पुस्तक काढतो.

अशी यादी एकेकाळी माझ्याकडेही होती. मीच केलेली, लांबलचक, आणि तिचा मला अभिमान होता. आज ती वाचली तर लाज वाटावी अशी आहे. नटरंग, बालगंधर्व, बेगम बर्वे, जोगवा, उंबरठा असं सगळं एका ओळीत. जिथे म्हणून पुरुषाच्या अंगावर साडी किंवा दोन बायका जवळ, तिथे खूण केलेली.

जोगवाचंच बघा. सिनेमा २००९चा, राजीव पाटील दिग्दर्शक, आधार राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'चा, उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. सिनेमा मोठाच आहे. पण नायकाला, देवीला सोडलेल्या तायप्पाला, साडी नेसवली जाते, त्याची इच्छा नसताना, आणि सिनेमाची सगळी ओढ ती साडी उतरण्याकडे आहे. आता हा सिनेमा अशा मुलीला सुचवा जिला जन्मापासून सगळे मुलगा म्हणतात आणि जी आरशासमोर ओढणी घेऊन उभी राहते. तिला त्यातून काय कळेल? की साडी ही शिक्षा आहे. नटरंगचंही तसंच. गुणा पहिलवानी अंग उतरवून नाच्या होतो आणि गाव त्याच्या बायकीपणाचा सूड घेतं. ज्याला शाळेत चालण्यावरून, हातवाऱ्यांवरून छळलं, त्याला हा सिनेमा द्यावा. दोन पुरुषांची प्रेमकथा शोधणाऱ्याला देऊ नये, कारण ती तिथे नाहीच. 'उंबरठा'त (१९८२) महिलाश्रमातल्या दोघींचं नातं आहे, पण ते संस्थेपुढचा एक प्रश्न म्हणून येतं. सिनेमा स्मिता पाटीलच्या सुलभाचा आहे, त्या दोघींचा नाही.

ज्ञानेश्वरांच्या विरहिण्याही माझ्या यादीत होत्या, हे आता सांगूनच टाकावं. बाईच्या आवाजात पुरुषानं देवाला मारलेली हाक म्हणून. ऐकायला सुंदर, पण त्यावर आपली पाटी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन फर्निचर हलवणं. (यावर माझ्याशी वाद घालणारे लोक आहेत आणि त्यांचे सगळे मुद्दे चुकीचे नाहीत.)

गाण्यांचं म्हणाल तर मराठीची अडचण व्याकरणातच आहे. 'मी येतो', 'मी येते' म्हटलं की बोलणारा उघडा पडतो. 'तू आलास', 'तू आलीस' म्हटलं की समोरचा. इंग्रजी गाण्यात कुणी कुणालाही म्हणतंय अशी कल्पना करता येते, आपल्याकडे क्रियापद चुगली करतं. म्हणून गाणं निवडताना माझी रीत अशी: चाल नंतर, आधी क्रियापदं तपासायची. सुरेश भटांचं 'तुझेच मी गीत गात आहे' घ्या. गाणारा की गाणारी, आणि कुणासाठी, ओळ काहीच बोलत नाही. कुणीही कुणालाही म्हणावी. आणि ती आहे त्याच उंबरठामधली. 'जीव रंगला' तर लग्नाच्या व्हिडिओंमध्ये सर्रास वाजतं. ते जोगता आणि जोगतिणीचं गाणं आहे हे तिथे किती जणांच्या ध्यानात असतं कोण जाणे. लपून ऐकावं लागणाऱ्याला असं गाणं फार उपयोगी. घरभर मोठ्यानं लावलं तरी कुणी मान वर करत नाही.

(एव्हाना तुम्ही माझीही क्रियापदं तपासायला घेतली असतील. तपासा. "तुम्ही स्वतः कोण?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी देणार नाही.)

आता अकाउंटच्या प्रश्नाकडे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. कोबाल्ट ब्लू २०२२ साली नेटफ्लिक्सवर सिनेमा म्हणून आला. गोष्ट कोचीत नेलेली, भाषा हिंदी-इंग्रजी, दिग्दर्शक कुंडलकर स्वतःच. घरातल्या सगळ्यांचं एकच अकाउंट असेल तर अर्धवट पाहिलेला सिनेमा 'कंटिन्यू वॉचिंग'च्या ओळीत पोस्टरसकट येऊन बसतो, आणि संध्याकाळी टीव्ही लावल्यावर तो आधी काकूंना दिसतो. उपाय दोन. पाहण्याआधी वेगळं प्रोफाइल करून त्याला चार आकडी पिन लावा. पण अचानक आलेलं कुलूप हीसुद्धा बातमीच असते, त्यामुळे ते महिनाभर आधी, परीक्षेच्या किंवा आणखी कसल्या निमित्तानं केलेलं बरं. पाहून झालं असेल तर ब्राउझरमधून अकाउंट, मग आपलं प्रोफाइल, मग व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी, आणि त्या नावापुढचं काट मारलेलं वर्तुळ दाबा. सगळ्या उपकरणांवरून नाव जायला चोवीस तासही लागू शकतात, म्हणून रविवारी दुपारी पाहून लगेच पुसलंत तरी रात्रीच्या जेवणाला ते तिथेच असू शकतं. यूट्यूबवर हिस्टरी आधी थांबवा, मग शोधा. उलटं केलं तर सुचवण्यांचा पूर दोन आठवडे ओसरत नाही. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर लिंक पाठवू नका. लिंकबरोबर चित्र आणि नाव दोन्ही येतं. लेखकाचं आडनाव पाठवा, बाकीचं समोरचा शोधेल.

पुस्तकाचंही कुरिअर कोण उघडतं ते आधी विचारा. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (लक्ष्मीनारायण त्रिपाठी, शब्दांकन वैशाली रोडे, २०१२) हे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत आहे, कण्यावरही आहे. शाळेच्या पुस्तकाला घालतो तसं खाकी कव्हर, कण्यावरून घट्ट ओढून, दोन्ही बाजूंना चार बोटं आत दुमडून घालावं, म्हणजे लोकलमध्ये निसटत नाही. आणि कुठलंही माहितीपर पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाआधीचं असेल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाबद्दल त्यात जे आहे ते आज लागू नाही. १५ एप्रिल २०१४च्या निकालाआधीचं असेल तर तृतीयपंथीयांच्या कायदेशीर ओळखीबद्दलचंही नाही. लक्ष्मीचं पुस्तक त्याआधीचं आहे. आत्मकथन म्हणून वाचायला काही अडत नाही. हक्कांची माहिती म्हणून वाचाल तर अडेल. आयांना काय द्यायचं विचारता, तर खिऱ्यांचं 'इंद्रधनु' आणि, प्रयोग मिळाला तर, चेतन दातारांचं 'एक माधवबाग'. एकटी आई बोलते, प्रेक्षकातली आई ऐकते. 'थांग' (२००६) हा सिनेमा नवरा समलिंगी असल्याचं कळलेल्या बायकोच्या बाजूनं आहे. तो आईला देऊ नका, लग्न ठरवायला निघालेल्या बापाला द्या.

आता 'अलीगढ' हा हिंदी सिनेमा. मला खरं बोलायचंय ते यावर.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, कवी. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१०मध्ये एका रात्री कॅमेरेवाले त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसले आणि एका सायकलरिक्षावाल्याबरोबरचे त्यांचे खाजगी क्षण चित्रित केले. घुसणाऱ्यांचं राहिलं बाजूला, निलंबित झाले सिरस. निवृत्तीला काही महिने उरले होते. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आदल्या वर्षी, २ जुलै २००९ला येऊन गेला होता, म्हणजे सज्ञानांचं खाजगीतलं संमतीचं नातं गुन्हा नाही असं कोर्टानं म्हणून झालं होतं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. जिंकल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता.

हन्सल मेहतांचा सिनेमा २०१६ला थिएटरात आला. सिरसांच्या भूमिकेत मनोज बाजपेयी. त्यात एक प्रसंग आहे: सिरस एकटे, हातात ग्लास, लताचं 'आपकी नज़रों ने समझा' चालू, आणि ते डोळे मिटून गाण्याबरोबर पुटपुटतात. गाणं बाईच्या आवाजातलं, बाईच्या तोंडचं, आणि म्हातारा मास्तर ते स्वतःचं म्हणून गातो. काहीच घडत नाही आणि कॅमेरा हलत नाही. मी पाहिलेल्या हिंदी सिनेमात समलिंगी माणसाचं एकटेपण इतक्या जवळून कुणी दाखवलेलं नाही. वर मी क्रियापदांचं एवढं पुराण लावलं, ते या प्रसंगापुढे कोसळतं हे मला कळतं. बाईचा आवाज असला म्हणून त्या माणसाचं काय अडलं?

तर कित्येक वर्षं कुणीही विचारलं की माझं पहिलं नाव अलीगढ. वय, घर, काही न विचारता. युक्तिवाद तयार होता: आपला माणूस, मराठीचा मास्तर, खरी घटना, उत्तम सिनेमा. अजून काय हवं?

काय हवं ते सांगायला हवं. हॉस्टेलवर राहणारा, अजून कुणालाही काही न सांगितलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तो सिनेमा पाहतो तेव्हा त्याला गाणं दिसत नाही. त्याला दार फुटलेलं दिसतं. चौसष्टीच्या घरातल्या, पुस्तकं छापून आलेल्या, पदावरच्या माणसाची ही गत, तर माझं काय? सिनेमा संपल्यावर त्याच्या हातात एकच शिकवण उरते: कडी नीट लाव. ती त्याला आधीच येत होती. 'मित्राची गोष्ट'ही (तेंडुलकर, १९८१) तशीच. रोहिणी हट्टंगडींची मित्रा मराठी रंगभूमीवर विसरण्यासारखी नाही, पण शेवटी ती जीव देते, आणि हे आधी न सांगता ते पुस्तक कुणाच्या हातात देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. चौथा प्रश्न मी विचारायला लागण्याचं कारण हे.

यावर माझंच जुनं मन वकिली करतं. म्हणतं, दुःख गाळून दिलंस तर उरतं काय? मराठीत आहेत मुळात दहा-बारा कलाकृती, त्यातल्या निम्म्या 'जपून' म्हणून बाजूला ठेवल्यास की झालं. शिवाय वाचणाऱ्याला इतकं लेचंपेचं समजायचं कारण? आणि सिरसांना पुन्हा एकदा यादीतून काढायचं? त्या माणसाची ओळख 'त्या व्हिडिओतला प्रोफेसर' एवढीच राहते, कविता कुणी विचारत नाही, आणि तूही त्यालाच हातभार लावणार? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. बाप साठीचा असेल, पोराशी दोन वर्षं बोलला नसेल, तर त्याला मी आजही अलीगढच सांगेन, तेही काही न समजावता. पोराला नाही सांगणार. की त्यालाही सांगावं, पण एकट्यानं बघू नकोस म्हणून?

रोहन परशुराम कानवडेंचा 'साबर बोंडं' २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार घेऊन आला आणि सप्टेंबरात इथे थिएटरात लागला, तेव्हापासून माझं काम जरा सोपं झालंय. मुंबईत नोकरी करणारा आनंद बापाच्या दहा दिवसांसाठी गावी येतो आणि लहानपणचा बाळ्या भेटतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. लोक "काहीतरी आनंदी सांगा" म्हणतात तेव्हा हा सांगावा लागतो, आणि मग फोन येतो की अहो, सुरुवातच मर्तिकानं आहे. आहे खरी. शोधताना रोमन लिपीत 'बोंडं'चं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. 'कॅक्टस पेअर्स' म्हणून शोधा. गावाकडच्या मुलाला मात्र मराठी नावच सांगा, कारण साबराचं बोंड काटे काढून कसं खायचं हे त्याला माहीत असतं.

तेव्हा कोण बघणार आणि कुणाच्या फोनवर, तेवढं आधी कळवा. बापासाठी हवं असेल तर त्यांना लताची गाणी आवडतात का, तेही.