दोन एकादश्यांचं घर

फोंड्याला मावशीकडे पोचले तेव्हा घरात अर्धा उपास चालू होता. अर्धा म्हणजे मावशीचा. ती वरीचे तांदूळ शिजवत होती आणि काका शेजारीच मजेत शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवत होते. माझा गोंधळ पाहून काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. आजच्या चौकोनात ‘स्मार्त एकादशी’, उद्याच्या चौकोनात ‘भागवत एकादशी’.

“आज हिची, उद्या माझी,” काका म्हणाले.

मावशीचं माहेर कवळे मठाचं, म्हणजे स्मार्त. सासर पर्तगाळ मठाचं, म्हणजे वैष्णव. खरं तर लग्नानंतर बाईने सासरची तिथी पाळायची. मावशीचं म्हणणं, “लग्न झालं म्हणून चंद्र वेगळा उगवतो काय?” सासूबाई होत्या तोवर ती दोन्ही दिवस उपास करायची. त्या गेल्यावर एकच करू लागली, माहेरचा. हे तिने पळी हलवता हलवता सांगितलं.

मी कोल्हापूरला शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत वाचायला तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक पिशवीत घातलं होतं. ते नेहमीप्रमाणे ग्रीसपासून सुरू होतं: थेलीसने सगळ्याचं मूळ पाणी आहे असं म्हटलं आणि माणूस विचार करू लागला. चार दिवसांत मी त्याची अठरा पानं वाचली. दोष पुस्तकाचा नाही. पण ज्या घरात अद्वैत आणि द्वैत एकाच गॅसवर आलटून पालटून शिजतात, तिथे थेलीसची डाळ शिजणं कठीण.

उपासाचा दिवस वेगळा का, हे काकांनी नीट सांगितलं. पहाटे, अरुणोदयाच्या वेळी दशमीचा थोडासाही वेध असेल, म्हणजे ती अजून संपली नसेल, तर वैष्णवांना ती एकादशी चालत नाही, ते दुसरा दिवस धरतात. स्मार्तांचा नियम इतका कडक नाही. वरवर पाहता हा पंचांगाचा प्रश्न. पण त्याच्यामागे दोन मोठे विचार उभे आहेत. पर्तगाळचा मठ काणकोणात, गुरुपरंपरा 1475 पासूनची, मध्वाचार्यांच्या द्वैत मताची. जीव वेगळा, ईश्वर वेगळा, जग वेगळं, आणि हे भेद खरे आहेत, कायमचे आहेत. कवळ्याचा मठ गौडपादाचार्यांच्या नावाचा. गौडपाद म्हणजे शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. त्यांचं मत अद्वैत: भेद दिसतो, पण असत नाही.

संध्याकाळी मावसभावाच्या स्कूटरवरून कवळ्याला गेलो. शांतादुर्गेच्या देवळात गर्दी होती, मठात शांतता. देवी मूळची केळशीची, मठही तिथलाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात केळशीला काही उरू दिलं नाही, तेव्हा देवी नदीपलीकडे कवळ्याला आली. मठाची परंपराही फिरत फिरत शेवटी इथेच टेकली. सोप्यात बसले असताना मला गौडपादांच्या कारिकांमधला जळक्या कोलतीचा दाखला आठवला. पेटती कोलती गरगर फिरवली की अंधारात आगीचं वर्तुळ दिसतं. वर्तुळ कुठून आलं? कोलतीतून निघालं नाही, बाहेरून येऊन बसलं नाही, हात थांबला की कुठे गेलंही नाही. ज्या प्रकरणात हा दाखला आहे त्यातली भाषा बौद्धांच्या इतकी जवळची आहे की गौडपादांनी बौद्धांकडून किती घेतलं यावर पंडित अजून भांडतात.

घरी परतलो तर अंगणात भावाची मुलगी उरलेल्या फुलबाज्या संपवत होती. हात गोल फिरवून ती स्वतःचं नाव हवेत लिहीत होती. तिला गौडपाद सांगायचा मोह मी आवरला. शिक्षकांनी सुट्टीत तेवढं करावं.

दुसरा दिवस काकांच्या उपासाचा. मावशी पारणं सोडून मोकळी, आणि मी पाहुणी म्हणून दोन्ही दिवस दोन्हीकडचं खाऊन मोकळी. जुन्या गोव्याला निघाले. बॉम जेझू चर्चची रांग टाळली, कारण मला पाहायची होती ती एक कमान. फोंड्याहून येताना रस्त्याच्या कडेलाच लागते. सेंट पॉल कॉलेजचं एवढंच उरलं आहे: जांभ्या दगडाची एक कमान, मागे झाडी. गाड्या भरधाव जातात, कोणी थांबत नाही.

1556 साली या कॉलेजात छापखाना सुरू झाला. भारतातला पहिला. आणि तो इथे यायचाच नव्हता! जेझुइट पाद्र्यांनी तो अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला पाठवला होता. गोवा हा फक्त वाटेतला मुक्काम. तिकडच्या राजाशी बिनसल्याच्या बातम्या आल्या आणि यंत्र इथेच राहिलं. मग त्यावर पहिलं काय छापलं? मला वर्षानुवर्षं वाटत होतं की प्रार्थना किंवा ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी. ती आली पुढच्या वर्षी. पहिल्यांदा छापली गेली ती तत्त्वज्ञानाची प्रमेयं, विद्यार्थ्यांनी सर्वांसमोर उभं राहून वादात मांडायची. अॅरिस्टॉटलच्या पठडीतली. त्या कागदांची एकही प्रत आज उरलेली नाही. भारतात यंत्रावर छापलेला पहिला मजकूर हा वादविवादाचा होता, आणि तो अशा गावात छापला गेला जिथे चारच वर्षांनी, 1560 मध्ये, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. त्यानंतर कोणता वाद घालायचा आणि कोणता नाही हे ठरवणारी कचेरी शेजारीच होती.

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेत त्याच काळातला एक माणूस नावापुरता शिल्लक आहे. बागेचं नाव गार्सिया द ओर्ता. बाकावर शेंगदाणे खात बसलेल्या दोघांना विचारलं, कोण हा? एक म्हणाला, “कोणतरी पोर्तुगीज गव्हर्नर असणार.” तो गव्हर्नर नव्हता, वैद्य होता. लिस्बनच्या विद्यापीठात शिकवत असे. ज्यू घराण्यातला, वरकरणी ख्रिस्ती झालेला. पोर्तुगालमध्ये हवा बिघडत चालली तसा 1534 मध्ये जहाजावर चढला आणि गोव्याला आला. तीस वर्षं इथल्या वैद्य-हकिमांशी बोलून, बाजारात फिरून त्याने औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं आणि ते 1563 मध्ये गोव्यातच छापलं.

ते पुस्तक संवादरूपात आहे. एका बाजूला ओर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा, युरोपातून ताजा आलेला, सगळं ग्रीक ग्रंथांतून पाठ असलेला. रुआनो म्हणतो, अमक्या आचार्याने असं लिहिलंय. ओर्ता म्हणतो, मी इथे पाहिलंय, तसं नाही. गॅलेन आणि डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यांची नावं घेऊन मला घाबरवू नकोस, इथपर्यंत तो बोलून जातो. आंबा, नारळ, भांग, पटकी, सगळ्यावर गप्पा. हिंगावरचं प्रकरण तर मला फार आवडतं, कारण भारतात सगळीकडे सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू हीच, असं त्याने नोंदवलंय. मावशीच्या फोडणीसमोर उभं राहून हे कोणालाही पटेल. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, की डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं, हा प्रश्न युरोपात पुढे शंभर वर्षं गाजला. तो इथे हिंगाच्या निमित्ताने आधीच विचारून झाला होता.

ओर्ता 1568 मध्ये अंथरुणात मेला, तेवढं त्याचं नशीब. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, चोरून ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. आता बाग आहे. मुलं आइस्क्रीम खातात. शेंगदाणेवाल्या काकांना मी हे सांगितलं, तर ते बराच वेळ बागेच्या पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हाडं कित्याक?”

तिसऱ्या दिवशी रिवण. सांगे तालुक्यातला रस्ता सुंदर आहे आणि पेट्रोल पंप कमी, हे शिक्षण मला स्कूटर ढकलत मिळालं. चूक माझीच, भावाने निघताना दोनदा विचारलं होतं. रिवणला जांभ्यात कोरलेल्या जुन्या गुंफा आहेत. लोक पांडवांच्या म्हणतात, अभ्यासक बौद्ध भिक्खूंच्या. आत ओल, वटवाघळांचा वास आणि दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा. त्याच गावात वैष्णवांचा मठही आहे, काकांच्या परंपरेतला. बुद्ध गोव्यातून गेला तो कुठे कुठे गेला कोण जाणे. बार्देशात कोलवाळजवळ 1930 मध्ये इतिहासकार फादर हेरास यांना एक बुद्धमूर्ती सापडली, ती आता मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात असते. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या इतर गोंयकारांसारखी.

तिथून पुढे उसगाळीमळ. कुशावतीच्या काठाला जांभ्याचा उघडा कातळ, घराच्या अंगणासारखा सपाट. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. राखणदाराने बाटलीतलं पाणी ओतलं आणि कातळावर बैल उठला. मग हरीण, मोर, नाचणारी बाई. शंभराहून जास्त आकृत्या आहेत. गावकऱ्यांना माहीत होत्याच, अभ्यासकांपर्यंत बातमी पोचली ती 1993 मध्ये. काळाविषयी जाणकारांचं एकमत नाही, पण लोखंड आणि लिपी यांच्या आधीचं हे काम असं बहुतेक मानतात.

मधोमध एक मोठं वर्तुळ आहे. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ, वाट आत वळत जाते. मी वाकून बोटाने ती वाट धरली आणि दोनदा चुकले. राखणदार म्हणाला, “सगळे चुकतात.” कोणी ते काळ मोजायला कोरलं असं म्हणतात, कोणी खेळ, कोणी पूजा. मला परवाची फुलबाजी आठवत होती, पण हे वर्तुळ त्याच्या बरोबर उलट. इथे हात थांबून हजारो वर्षं झाली आणि वर्तुळ आहे. भासाविषयी बोलायला भाषा लागते, परंपरा लागते, वाद घालायला समोर कोणी लागतं. या माणसाजवळ अणकुचीदार दगड होता आणि नदीकाठी बसायला वेळ. तरी आत शिरण्याची आणि वाट चुकण्याची कल्पना त्याने केलीच. माझ्या पुस्तकातल्या थेलीसच्या कितीतरी आधी.

इतिहास पायाने वाचायचा असतो, हे इतिहासकार दामोदर कोसंबींनी जगून दाखवलं. गणिताचे प्राध्यापक, पण पुण्याच्या टेकड्या पालथ्या घालून गारगोट्यांची हत्यारं आणि शेंदूर फासलेले देव गोळा करायचे. 1966 मध्ये गेले, त्यामुळे हा कातळ त्यांनी पाहिला नाही. जन्म मात्र इथलाच, गोव्यातल्या कोसबेंचा, 1907 चा.

म्हणून चौथ्या दिवशी सांखवाळ. ते त्यांच्या वडिलांचं, धर्मानंदांचं गाव. मावशी पण निघाली. तिचं कारण वेगळं. सासरचं कुलदैवत लक्ष्मी-नृसिंह आता वेलिंगला असतं, पण मूळचं सांखवाळचं. सोळाव्या शतकात तेही नदी ओलांडून गेलं. चाळीस वर्षं वेलिंगला जाऊन मावशीने मूळ गाव कधी पाहिलं नव्हतं.

पाहण्यासारखं फार नाही. जुन्या चर्चची एक दर्शनी भिंत एकटीच उभी आहे. पलीकडे माड. सावलीत बसून मी मावशीला धर्मानंदांची गोष्ट सांगितली. माडांच्या बागा सांभाळणारा तरुण, शिक्षण थोडं, ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि झपाटतो. 1899 मध्ये घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. 1902 मध्ये श्रीलंकेत भिक्षू होतो, पाली शिकतो, ब्रह्मदेशात राहतो. पुढे हार्वर्डला बोलावणं येतं. मराठी माणसाला बुद्ध मूळ पालीतून वाचायला मिळाला तो त्यांच्यामुळे. शेवटी 1947 मध्ये सेवाग्रामला, काम झालं असं ठरवून, अन्न सोडून देह ठेवतात.

उपासाचा उल्लेख आल्यावर मावशीने मान हलवली. मग विचारलं, “घर सोडलं तेव्हा लग्न झालेलं?”

“हो. बायको बाळाबाई. आणि तान्ही मुलगी.”

“आणि ती? ती काय करत होती एवढी वर्षं?”

धर्मानंदांनी आत्मचरित्रात स्वतःला सोडलेलं नाही, घर सोडतानाची घालमेल प्रामाणिकपणे लिहिली आहे. पण बाळाबाईंनी स्वतः लिहिलेलं माझ्या वाचनात काही नाही, आणि हे मी वर्गात इतकी वर्षं सांगताना माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी म्हटलं, “माहीत नाही, मावशी.”

मावशीने पिशवीतून डबा काढला. पोह्यांत खोबरं जरा जास्त होतं. “माहेरी राहिली असेल,” ती म्हणाली, “नाहीतर सासरी. दोन्हीकडची तिथी पाळत.”