जांभ्याच्या अंगणातला मांडव

गेल्या फेब्रुवारीत माझ्या भाचीचे लग्न वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या जांभ्याच्या घराच्या अंगणात झाले. आम्ही पुण्याचे, मुलाकडचे लोक इंदूरचे मराठी, आणि कार्य दोघांच्याही गावापासून दूर. म्हणजे हल्ली ज्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात तसे. सजावटीचे सगळे ताईने माझ्यावर सोपवले होते. तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेकींनी मला विचारले, की इतके देखणे कार्य तुम्ही ठरवले तरी कसे. प्रत्येकीला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

सुरुवात आम्हीही सगळ्यांसारखीच केली. एका डेकोरेटरने पाठवलेल्या छायाचित्रांत पांढऱ्या जाळीचे पडदे, फिक्या गुलाबी गुलाबांच्या भिंती, काचेची झुंबरे आणि आरशासारखी चकाकणारी वाट असा थाट होता. भाचीला तो आवडला आणि खरे सांगायचे तर मलाही आवडला. परंतु ती छायाचित्रे चार दिवस पुन्हा पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, की त्यांतली एकही जागा ओळखू येत नाही. ते उदयपूर असू शकते, बाली असू शकते, नाहीतर पुण्यातल्याच एखाद्या लॉनवरचा मांडव असू शकतो. आम्ही शंभराहून अधिक माणसांना आंबोलीचा घाट उतरून किंवा कोकण रेल्वेने सावंतवाडीपर्यंत यायला लावणार होतो, आणि तिथे आल्यावर त्यांना कुठेही दिसेल असे काहीतरी दाखवणार होतो. हे मला पटेना.

म्हणून नोव्हेंबरात आम्ही तिघी, म्हणजे ताई, भाची आणि मी, प्रत्यक्ष जागेवर दोन दिवस राहून आलो. कुणाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन, की जागा पाहायला ज्या वेळेचा मुहूर्त आहे त्याच वेळेला जा. आमचा गोरज मुहूर्त होता. डेकोरेटरच्या माणसांनी नमुना म्हणून अंगणात एक चौकट उभी करून तिला पांढरी जाळी लावली आणि खाली पांढरी सतरंजी अंथरली. दुपारचा खारा वारा जोरात होता. त्या जाळीचे शीड झाले, चौकट दोनदा कलली, आणि आम्ही जेमतेम दहा मिनिटे त्या सतरंजीवरून ये-जा केली असेल, तोवर तिच्या कडा तांबड्या मातीने रंगल्या होत्या. पण मला खरी चपराक बसली ती रंगांच्या बाबतीत. जांभ्याच्या त्या ओबडधोबड, गडद तांबूस भिंतीपुढे फिकी गुलाबी फुले आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसत होती. मऊ रंगांना मागे मऊ प्रकाश आणि गुळगुळीत भिंत लागते; कोकणातल्या उन्हात आणि त्या दगडापुढे ते टिकाव धरत नाहीत.

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही रंग ठरवले, आणि ते आम्हाला शोधावे लागले नाहीत. भिंतीचा तांबूस रंग होताच, माडांचा हिरवा होता, अष्टपुत्रीचा पिवळा येणारच होता, आणि चौथा अबोलीचा. एवढे चारच. इंदूरच्या मंडळींची उपरणी महेश्वरी असणार होती, त्यांचा जरीकाठ या चौघांत सहज मिसळला. बाहेरचा पाचवा रंग आणायचा नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. खुर्च्यांची कापडी आवरणेसुद्धा काढून टाकली, कारण त्यांचा पांढरा रंग सगळ्या अंगणात डोळ्यांना खुपत होता.

मांडवाला लोखंडी सांगाडा घ्यावा की नाही, यावर बरीच चर्चा झाली. गावातले जे वयस्क गृहस्थ दरवर्षी वाडीतले मांडव घालतात, त्यांनी पोफळीचे खांब आणि माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप सुचवले. झापातून वारा आरपार जातो, म्हणून तो कापडासारखा फुगत नाही, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले, आणि आमची महिन्याची चिंता मिटली. कापड वापरायचेच असेल तर ते वरून सोडू नये, खांबांना गुंडाळून घट्ट बांधावे, हेही त्यांचेच. किनाऱ्यावर, वाळूत बोहले घालण्याची भाचीची हौस मात्र आम्ही सोडून दिली. भरतीच्या रेषेलगत काहीही उभारायचे तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम आणि परवानग्या आड येतात, आणि मला स्वतःला तो किनारा मोकळाच अधिक सुंदर वाटत होता.

फुलांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचे समाधानही सर्वांत जास्त आहे. झेंडू देशावरून येतो, गुलाब तर त्याहून लांबून, आणि घाट उतरून रात्रभराचा प्रवास केलेले फूल फेब्रुवारीतल्या दमट दुपारी मान टाकते. इथली अबोली तशी नाही. तिला वास नाही, पण गुंफल्यावर ती लवकर कोमेजत नाही, म्हणून बोहल्याच्या खांबांना आणि दारांना आम्ही आदल्या दिवशीच अबोलीचे दाट सर लावून ठेवू शकलो. वासासाठी सुरंगी. फेब्रुवारी-मार्च हा सुरंगीचा हंगाम, आणि ही फुले झाडाच्या जाडजूड फांद्यांनाच चिकटून येतात, त्यामुळे काढायला झाडावर चढावे लागते आणि तेही पहाटे. शिरोड्याकडच्या ज्या बाईंकडून आम्ही सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेतले, त्यांच्या अंगणात मी पहाटे जाऊन बसले होते. पुढ्यात केळीच्या पानावर मोत्याच्या दाण्यांएवढ्या कळ्यांचा ढीग होता आणि त्यांची बोटे न बघता चालत होती. मी एक अर्धवट उमललेले फूल उचलून दिले तर त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "कळो उमलाच्या आधीच गुंफूक व्हयो, बाय." संध्याकाळी त्या कळ्या बायकांच्या केसांत उमलल्या, आणि सगळ्या अंगणाला जो वास आला तो मला कुठल्याही सजावटीने आणता आला नसता. सजावट म्हणजे डोळ्यांना दिसते तेवढीच, असे आपण धरून चालतो. माझ्या मते लग्नघराचा वास हा तिचा निम्मा भाग आहे.

फुले खोचायला सर्रास वापरला जाणारा हिरवा फोम आम्ही घेतला नाही. ते प्लास्टिकच असते, मातीत कुजत नाही आणि हाताने चुरले की त्याचा भुगा वाऱ्यावर उडून थेट समुद्रात जातो. त्याऐवजी केळीच्या खुंटात फुलांचे देठ खोचले. खुंटातच पाणी असते, त्यामुळे फुले रात्रीपर्यंत ताजी राहिली. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरीही एका दुकानदाराने आम्हाला थर्माकोलची कमान बिनदिक्कत दाखवली, याचे मला वाईट वाटले.

एका गोष्टीवर मात्र मी स्वतःला आवरले. गणपतीत दक्षिण कोकणात माटवी आणि गोव्यात माटोळी बांधतात, म्हणजे देवापुढच्या लाकडी चौकटीला रानातली फळे, फुले, पाने टांगतात. ती चौकट बोहल्यावर टांगावी असे मला फार वाटत होते, कारण तिच्याइतकी सुंदर छत-सजावट मी दुसरी पाहिलेली नाही. पण घरातल्या आजी म्हणाल्या, की ती गणपतीची आहे, ती तिथेच शोभते. शिवाय माटवीला शोभा देणारी कवंडळे आणि तेरडा ही पावसाळ्यातली लेणी फेब्रुवारीत कुठून आणणार? मी आजींचे ऐकले. नारळ आणि पोफळीचे घड आम्ही प्रवेशाच्या खांबांना बांधले आणि बोहल्यावर नुसते आंब्याच्या पानांचे तोरण ठेवले. दुसऱ्याच्या घरी कार्य करायला गेलेल्या माणसाने तिथल्या पूजेतली वस्तू शोभेसाठी उचलू नये, असे मला आता ठामपणे वाटते.

याउलट गंजिफा उचलायला कुणाचीच हरकत नव्हती, उलट ती उचलली जावी अशी कारागिरांची इच्छा होती. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यांवर लाखेचा लेप देतात आणि मग बारीक कुंचल्याने चित्र काढतात. लोप पावत चाललेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२०. आमच्या पाहुण्यांची यादी त्या वेळी १३४ वर होती आणि कुणाला गाळावे हे ठरत नव्हते. भाचीने पत्त्यांचा जोड हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, दहा टेबले, बारा बारा माणसे." त्या हिशेबाने यादी १२० वर आली. मत्स्याचे टेबल, कूर्माचे टेबल, वामनाच्या कमंडलूचे, परशुरामाच्या परशूचे. प्रत्येक टेबलावरचा राजाचा पत्ता तिथल्या सर्वांत मोठ्या माणसासाठी. पत्ते रंगवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही मागणी नोव्हेंबरातच नोंदवली होती. जेवायला बसताना इंदूरचे एक आजोबा आपला नृसिंहाचा राजा चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहत होते. पत्ते पाहुण्यांनी घरी न्यायचे आहेत हे कळल्यावर त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

रुखवतात सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे मांडली. पिंगुळीच्या चित्रकथी शैलीत, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्यांच्या शैलीत, सीतास्वयंवराचा एक प्रसंग काढून घेतला आणि तो आमंत्रणपत्रिकेवर छापला. अंतरपाटही तसाच रंगवावा असा माझा बेत होता, पण ताईला अंतरपाट कोरा पांढरा आणि त्यावर कुंकवाचे स्वस्तिकच हवे होते. ती बरोबर होती.

मुलाच्या आईला मध्यंतरी काळजी वाटू लागली होती. आमच्याकडचे फोटो पाहून त्यांनी ताईला विचारले, "विहीणबाई, फार साधे नाही ना दिसणार?" हा प्रश्न रास्त होता. साधेपणा अंगावर आला की तो अपुरेपणा वाटतो, आणि पाहुण्यांना आपल्यासाठी हात आखडता घेतल्यासारखे वाटू शकते. माझा उपाय असा होता, की वस्तूंचे प्रकार कमी ठेवायचे आणि जो प्रकार घ्यायचा तो भरभरून घ्यायचा. दोनच फुले, पण अबोलीचे सर इतके दाट की खांब दिसू नये. दिव्यांतही तेच केले. रंगीत झोत एकही नाही. पितळी समया, काचेच्या हंड्या आणि पिवळ्या उजेडाचे, खाली रोख असलेले दिवे. समुद्राच्या बाजूला तर दिवा ठेवलाच नाही. जवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, फेब्रुवारी त्यांच्या हंगामातच येतो, आणि वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालत सुटतात, हे आम्हाला गावातल्या मुलांनी सांगितले होते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी असते, म्हणून सनई-चौघडा सायंकाळीच आटोपला आणि पुढे लाटांचाच आवाज राहिला.

आता मुहूर्ताच्या वेळेविषयी. वधू-वर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर गोरज मुहूर्त म्हणजे दोघांपैकी एकाच्या डोळ्यांत थेट मावळता सूर्य. फोटोग्राफरला सूर्य मागे ठेवून दोघांच्या काळ्या आकृत्या हव्या होत्या. मला भाचीचा चेहरा हवा होता. शेवटी पाहुण्यांना उत्तरेला बसवले आणि बोहल्याच्या पश्चिमेला एक उभा झाप बांधला, विण थोडी सैल ठेवून. सूर्यास्त साडेसहानंतर होता. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा खारा वारा पडला होता, मतलई अजून सुटायचा होता, आणि त्या मधल्या स्तब्ध वेळात समयांच्या ज्योती हलत नव्हत्या. झापाच्या विणीतून ऊन गाळून येत होते आणि त्याचे लहान लहान शंकरपाळ्यांएवढे तुकडे पांढऱ्या अंतरपाटावर, कुंकवाच्या स्वस्तिकाभोवती पडले होते. "तदेव लग्नं" म्हणताना ते हळूहळू वर सरकत गेले, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा भाचीच्या मुंडावळ्यांवर आले.