मिरकरवाडा पॅनेल : लोणा वाळूतून नाही, सुंभातून!

मंडळी, चोर सापडला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचं हे माझं उठावाचं चित्र, खरी वाळू, दोरी आणि पेस्ट लावून केलेलं. त्यावर पांढरा थर आला आणि तो वाळूतूनच आला असं काहींचं म्हणणं पडलं. पॅनेलवर आलेला तो पांढरा थर बुरशीचा नाही. ओल्या बोटाने पुसला की विरघळतो आणि जिभेला लावला तर खारट लागतो. म्हणजे भिंतीला लागतो तोच लोणा. वाळूवर बोट ठेवणाऱ्यांना नम्रपणे सांगते, मांडवीची काळी वाळू निर्दोष आहे. तिला मी कंटाळा येईस्तोवर धुतली होती. खालच्या पट्ट्यात ती अजून खडखडीत कोरडी आहे आणि इल्मेनाइटची (वाळूतल्या काळ्या खनिजाची) बारीक चमकही शाबूत आहे.

लोणा आलाय तो फक्त दोरीवर. चित्रातल्या धक्क्याच्या भिंतीवरून लोंबणारा जुन्या सुंभाचा (काथ्याच्या दोरीचा) तुकडा चिकटवला होता ना, त्याच्यावर. तिथेही अंगापेक्षा टोकांना जास्त. भिंगाखाली धरलं तर काथ्याच्या एकेका तंतूच्या टोकाला मिठाचा कण बसलेला दिसतो. दिसायला सुंदर, पण चित्राच्या जिवावर उठलेला.

कारण सरळ आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. रत्नागिरीत आषाढ-श्रावणात हवा त्याच्या खाली उतरते कधी! दोरी पावसाळाभर दमट राहिली, आणि मी मीडियमला (रंगात कालवायच्या अॅक्रिलिकच्या चिकट द्रवाला) शिव्या घालत बसले. मग ऑक्टोबरचं ऊन लागलं, आतलं खारं पाणी तंतूंमधून टोकांकडे सरकलं आणि तिथे वाळून पांढरं झालं.

खात्री करायला उरलेला तुकडा घेतला. सुंभ तसाच डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळला आणि चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवलं. पुसटशी कड उमटली. मग पीळ उकलून तंतू मोकळे केले आणि रात्रभर भिजवले. त्या पाण्याची ताटली वाळल्यावर जाड, पांढरं, खरखरीत कडं! सगळं मीठ पिळाच्या आत. वरून कितीही नळ सोडा, तिथे पाणी पोचतच नाही. तुलनेला शेजारी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची ताटली ठेवायला विसरू नका. बोअरचं पाणी तर वापरूच नका, त्याचं स्वतःचंच कडं उमटतं.

‘वरून मीडियमचा आणखी एक हात दे’ हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. माझं मत साफ विरोधात आहे. मीठ थराखाली खडे धरतं आणि थरालाच उचलतं. डाव्या कोपऱ्यात एक पापुद्रा सुटलाय तो त्यामुळेच. त्याऐवजी दगड आणि जुनी भित्तिचित्रं जपणारे लोक करतात तो लेप करून पाहतेय. टिश्यू पेपरचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवायचा, दोरीच्या उघड्या टोकांवर थापायचा आणि पूर्ण वाळल्यावरच सोलून काढायचा. वाळताना तो मीठ आपल्यात ओढून घेतो. पहिला लेप कडक आणि चांगलाच खारट निघाला, पुढचा जरा कमी. दोरीच्या मधल्या भागावर मीडियम बसलंय, त्यामुळे मिठाला वाट फक्त टोकांतून. काम रेंगाळणार हे नक्की.

आता चांगली बातमी. धक्क्याच्या भिंतीतल्या जांभ्या दगडाची भोकं जमली! वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पेस्टवर दाबायची आणि सरळ वर उचलायची. पेस्ट बोटाला चिकटेनाशी झाली पण नख अजून रुततंय, तीच वेळ. लवकर दाबली तर भोकं परत मिटतात. वरून जांभ्याची चाळलेली भुकटी पातळ मीडियममध्ये कालवून फिरवली आणि कोरड्या ब्रशने उंचवटे पुसले. अहाहा! भिंत हाताला खरी लागते.

पेस्ट अर्थात घरचीच. आर्ट शॉपमधली मॉडेलिंग पेस्ट सपाट आणि गुळगुळीत कामाला छान, पण एवढ्या जाड थराला ती वापरणं म्हणजे उधळपट्टी. साधी पांढरी रांगोळी मलमलीतून गाळून अॅक्रिलिक मीडियममध्ये मळते, त्यात काथ्याचे बारीक कातरलेले तंतू घालते. मातीच्या लिंपणात तूस किंवा पेंढा घालतात तो त्याचसाठी, तडे जात नाहीत. हा काथ्या दुकानातला आहे, पण आता तोही ताटलीच्या परीक्षेतून जाईल. केरळात काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजवायला खाऱ्या बॅकवॉटरमध्ये टाकतात, तेव्हा ‘नवा’ म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

पुढच्या पॅनेलसाठी सुंभ उकलून, धुऊन, परत वळून लावायचा असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, घोसाळ्याचा ठसा घेता येतो तर दोरीचाही का नको? सुंभ दाबायचा, उचलायचा, चित्रात तंतूच ठेवायचा नाही. ठशाच्या खोबणीत गडद रंग मुरवला की लांबून दोरीच दिसेल. झुपकेदार टोकं जातील, तेवढं मात्र खटकतंय. मग टोकांपुरता धुतलेला काथ्या आणि बाकी ठसा? मरीन प्लायच्या दोन तुकड्यांवर दोन्ही करून बघते. (कॅनव्हासवर नको, एवढ्या वजनाला तो पोट काढतो.)

एकच अडचण आहे. कोरडी दोरी पेस्ट उचलून आणते आणि तेल लावलं तर वर रंग धरणार नाही. ओली दोरी चालेल, की मध्ये पातळ प्लास्टिक घालावं? प्लास्टिकने पीळ बोथट होईल अशी शंका आहे. कुणी केलंय का?